सदारंग आणि मंडळी

निजामुद्दीनच्या दर्ग्यात अमीर खुस्रोच्या कबरीपाशी कायम गर्दी. त्याच आवारात संगमरवरी जाळीआड मुहंमदशाह रंगीला झोपला आहे, त्याच्याकडे फारसं कुणी वळत नाही. मराठी माणसाला तो आठवतो बाजीरावामुळे: १७३७ साली पेशव्यांची घोडी तालकटोऱ्यापर्यंत आली, तेव्हा तख्तावर हाच होता. ख्याल ऐकणाऱ्याला मात्र तो अजून अंतऱ्यात भेटतो, ‘मंमदसा’ होऊन, सदारंगाचा हात धरून.

सदारंग म्हणजे नियामत खाँ, त्याच्या दरबारातला बीनकार. घराणं तानसेनाच्या मुलीकडचं, म्हणजे ध्रुपद आणि बीन सोडून इकडेतिकडे बघायचं नाही. सांगतात की, गायकांच्या मागे बसून साथ कर म्हटल्यावर त्याने दरबार सोडला, आणि पुढे ‘सदारंग’ या नावाने ख्याल रचून शागिर्दांकरवी बादशहाच्या कानावर घातले. रुसव्याची गोष्ट रंगवलेली असेल. पण दुसरं नाव का लागलं, ते मला पटतं. ध्रुपदाच्या मानाने ख्याल तेव्हा हलका. तो नियामत खाँने करायचा नाही, सदारंगाने करायचा. आपल्या मुलांना त्याने तो शिकवला नाही, असंही म्हणतात.

दिल्लीच्या रॅपरांची तऱ्हा फार वेगळी नाही. आदित्य प्रतीकसिंह सिसोदिया नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने आधी ‘कूल इक्वल’ हे नाव घेतलं (टिकलं नाही, बरं झालं), मग तो ‘बादशाह’ झाला. दिलीन नायर ‘रफ्तार’ झाला. मल्याळी घरातला हा मुलगा हिंदी-पंजाबीत रॅप करतो. आडनाव सांगितलं की आपल्या देशात पुढचा प्रश्न ठरलेला, कुठले तुम्ही? कृष्णा कौल उलटा चालला: ‘प्रॉस्पेक्ट’ टाकून स्वतःच्या नावाकडे परतला, फक्त स्पेलिंगमधल्या एसच्या जागी डॉलर बसवून. आणि टिळकनगरच्या प्रभदीपने २०१७ च्या ‘क्लास-सिख’वर आपलंच नाव लावलं, मधे एक फट पाडून.

भावगीत गाणाऱ्याला ही उठाठेव करावी लागत नाही. शब्द पाडगावकरांचे, चाल खळ्यांची, गळा अरुण दातेंचा; ज्याचं त्याचं नाव तबकडीवर छापलेलं. ख्याल रचणाऱ्याला तबकडी कुठली? सही गाण्यातच करायची, म्हणजे ती तालात बसली पाहिजे. ‘नियामत खाँ’ अंतऱ्यात अवघडून बसेल. ‘सदारंग’चा दा हवा तेवढा लांबवावा, रंगवर समेला यावं. भातखंडे ‘चतुर’ झाले, रातंजनकर ‘सुजान’, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’, ते काही उगाच नाही. रॅपरही गाणं सुरू होतानाच स्वतःचं नाव पुकारतो, तेही ठेक्यावर. पण त्याचं नाव त्याच्याच तोंडी राहतं. सदारंगाचं तीनशे वर्षं परक्या गळ्यांतून फिरतं आहे.

इतकं फिरलं की इतरांनीही आपल्या चिजांत तेच घालून दिलं, आणि आता त्या नावाच्या बंदिशींपैकी खरोखर त्याच्या किती, हे सांगणं अवघड. आजच्या दिल्लीत असं झालं तर आधी डिस ट्रॅक येईल, मागोमाग वकिलाची नोटीस. सदारंगाच्या मुलांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. त्यांना ख्याल गायचाच नव्हता.