कोण चाललंय बाहेर?

कॉम्प्युटरमधल्या कुठल्या प्रोग्रॅमला इंटरनेट द्यायचं आणि कुठल्याला द्यायचं नाही, हे आपण ठरवू शकतो! सरसकट नाही, एकेकाचं, नावानिशी! ब्राउझरला हो, अँटिव्हायरसला हो, प्रिंटरबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरला नाही, पीडीएफ जोडणाऱ्या फुकटच्या प्रोग्रॅमला तर मुळीच नाही. हे कळल्यापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. घरी सांगून झालं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगून झालं. कृषी संशोधन केंद्रातून तुरीचं बियाणं घेऊन गाडीची वाट बघत टेकलेल्या एका शेतकऱ्यालाही सांगितलं, तर त्यांनी खिशातून मोबाईल काढून थेट विचारलं, "याच्यात बी होतंय का?" होतंय! त्याच्याकडे येतोच.

बदनापूर तालुक्याचं गाव, त्यामुळे आमची छोटी दुकानं चालतात ती कागदांवर. ऑनलाईन अर्ज, सातबारा, दाखल्यांची कागदपत्रं, स्कॅनिंग, प्रिंट, लग्नसराईत पत्रिका. जुलैमध्ये पीकविम्याची गर्दी उसळते. अशा वेळी नेट मंद झालं की रांगेतल्या माणसांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, कारण ती शेतातली कामं टाकून आलेली असतात. लाईट गेली की सगळा भार इन्व्हर्टरवर आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. दिवसाचा दीड जीबीचा पॅक दुपारच्या आत संपलेला असायचा, आणि भरलेले अर्ज मात्र मोजकेच. एवढं नेट जायचं कुठं?

मशीन दुरुस्तीला जालन्याहून एक पोरगा येतो. त्याला मी नेटचं गाऱ्हाणं सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "काका, नेट स्लो नाही. आतून कुणीतरी खायलंय. थांबा, दाखवतो." त्यानं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबलं, रेसमॉन असं टाइप केलं आणि रिसोर्स मॉनिटर नावाची खिडकी उघडली. त्यातल्या नेटवर्कच्या पानावर गेलो आणि मी उभाच राहिलो. आत्ता या क्षणाला कुठला प्रोग्रॅम बाहेर बोलतोय, किती बाइट पाठवतोय, किती घेतोय, जगातल्या कुठल्या पत्त्याशी बोलतोय, सगळं डोळ्यासमोर हलत होतं! ब्राउझर बंद होता. आमच्या मते कॉम्प्युटर नुसता बसला होता. आणि तरी ओळींवर ओळी पळत होत्या: स्कॅनरचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम, फोटोंचा बॅकअप घेणारं काहीतरी, कधीकाळी टाकलेल्या गेमचा अपडेटर. मी कुणालाही 'जा' म्हटलेलं नव्हतं.

"मग यांना थांबवता येतं का?" मी विचारलं. तो हसला. "काका, ते तर विंडोजमध्येच हाय."

विंडोजमध्येच! वेगळं काही विकत घ्यायचं नाही, उतरवायचं नाही. या गोष्टीचा इतिहास मी अधाशासारखा वाचून काढला. 2003 च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मनं जगभरचे विंडोज कॉम्प्युटर हैराण केले. पुढच्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आणला आणि त्यात फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा पहारेकरी, आपोआप चालू ठेवली. पण ती फक्त आत येणाऱ्यांना अडवायची, बाहेर जाणाऱ्याला काहीच विचारायची नाही. बाहेर जाणाऱ्यावर नजर ठेवायची सोय विंडोजमध्ये आली ती व्हिस्टाबरोबर, 2007 साली. आणि इथं खरी गंमत आहे. सोय आली, पण मूळ सेटिंग असं राहिलं की आत येणाऱ्याला नियम नसेल तर बंदी, आणि बाहेर जाणाऱ्याला नियम नसेल तर मोकळीक. विंडोज 10 आणि 11 मध्येही तेच. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक दुकानातल्या, शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरमध्ये ही कळ तयार आहे आणि ती कुणी दाबलेलीच नाही!

मी आधी विचार केला होता की हे काम राउटरवर होत असेल. तो पोरगा म्हणाला, राउटरला प्रोग्रॅम दिसतच नाही. हे मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. राउटरपर्यंत पोहोचतात ती पाकिटं. त्यांच्यावर कुठून आलं, कुठं चाललं आणि पोर्टचा नंबर एवढंच असतं. आजकाल जवळजवळ सगळा व्यवहार 443 नंबरच्या पोर्टवरून चालतो: बँक तिथून, व्हिडिओ तिथून, आणि आपल्याला नको असलेला अपडेटरही तिथूनच. राउटरच्या दारात उभं राहून बघितलं तर सगळे एकाच गणवेशात. कोण कुठल्या प्रोग्रॅमच्या पोटातून निघालं हे फक्त कॉम्प्युटरच्या आतच कळतं, कारण बाहेर जाण्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅमला विंडोजकडे जोडणी मागावी लागते आणि मागणारी एक्झी फाईल कोणती हे विंडोजला तिथल्या तिथं माहीत असतं. तिथंच विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म नावाचं यंत्र बसवलेलं आहे. मागणी आली की ते नियम बघतं आणि सोडतं किंवा अडवतं. आमच्याकडच्या मोसंबीच्या बागेत मोटार एकच असते, पण ठिबकच्या प्रत्येक लाइनला वेगळा कॉक असतो. मी आजवर फक्त मोटार चालू-बंद करत होतो, कॉक आहेत हे मला ठाऊकच नव्हतं!

आणि करायला किती सोपं! विंडोज आणि आर दाबा, डब्ल्यूएफ डॉट एमएससी टाइप करा. डावीकडे 'आउटबाउंड रूल्स'वर जा. उजवीकडे 'न्यू रूल'. 'प्रोग्रॅम' निवडा, मग ज्याला अडवायचंय त्याची एक्झी फाईल शोधून दाखवा, 'ब्लॉक द कनेक्शन' म्हणा, डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही खुणा तशाच राहू द्या आणि ओळखू येईल असं नाव द्या. मी नावं मराठीत देतो: 'स्कॅनरवाला बंद', 'गेमचा अपडेटर बंद'. शेवटचं बटण दाबलं की रिसोर्स मॉनिटरमधली ती ओळ थोड्या वेळात गायब! स्कॅनर मात्र स्कॅन करतोय, आमचा स्कॅनर यूएसबीच्या वायरीनं जोडलेला आहे, त्याचं काही अडलं नाही. वायफायवरचा असेल तर घरातल्या घरातली जोडणी चालू ठेवून फक्त बाहेरची बंद करावी लागते. तेही नियमातल्या पत्त्यांच्या रकान्यातून जमतं.

स्कॅनरचं नाव मी पहिलं घेतलं त्याला कारण आहे. आमच्या दुकानात लोक काय देऊन जातात? आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलीचा शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, म्हातारीच्या अंगठ्याचा ठसा. हे सगळं त्या मशीनमधून जातं. माणसं ते विश्वासानं समोर ठेवतात, कागद परत घेतात आणि जातात. त्याची प्रत काचेखालून कुठं गेली हे विचारत नाहीत. स्कॅन करणाऱ्या प्रोग्रॅमला बाहेरच्या जगाशी बोलण्याचं काय काम? कदाचित तो फक्त नवीन आवृत्ती आली का बघत असेल, कदाचित वापराची नोंद पाठवत असेल. मला नक्की सांगता येणार नाही आणि मला सांगता येणार नाही हेच पुरेसं कारण आहे. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो खटला निघाला होता आधारवरून. त्या हक्काचा माझ्या टेबलावरचा वाटा मी आता एका नियमानं सांभाळू शकतो, या विचारानं मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही, आनंदानं!

बाहेर जाणाऱ्याला अडवण्याची ताकद केवढी आहे, ते वाचताना अंगावर काटा आला. 2017 च्या 27 जूनला नॉटपेट्या नावाचं मालवेअर पसरलं. सुरुवात झाली युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि धक्का बसला थेट आपल्या न्हावाशेव्याला. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाकडे असलेलं टर्मिनल त्यात अडकलं, कामं हातानं करायची वेळ आली. याच जेएनपीटीच्या जालन्याजवळच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन 2015 साली झालं, म्हणून हे नाव आमच्या भागात ओळखीचं. नॉटपेट्या एकदा आत शिरल्यावर कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर पसरत गेलं, तिथं बाहेरच्या दाराचा पहारा एकटा पुरला नसता. पण 2020 चं सोलरविंड्स प्रकरण बघा. पुन्हा तेच, भरवशाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून घुसखोरी, आणि तो अपडेट गेला सुमारे 18,000 ग्राहकांकडे. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं तिथल्या एका सिनेटरला लेखी कळवलं की ते सॉफ्टवेअर चालणाऱ्या सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या जोडण्या फायरवॉलनं अडवल्या असत्या तर ते मालवेअर निष्प्रभ झालं असतं, आणि ज्यांनी तसं केलेलं होतं अशांचं पुढचं नुकसान टळलेलं त्यांना दिसलंही होतं. चोर घरात शिरला, पण मालकाला निरोप धाडता आला नाही, म्हणून तिथंच लुळा पडला. मोठमोठ्या संस्थांना वाचवणारी युक्ती आणि माझ्या दुकानातल्या जुन्या मशीनवरची युक्ती एकच आहे!

ज्यांना हे नियम एकेक करून लिहायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी सिंपलवॉल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते विंडोजच्याच त्या फिल्टरिंग यंत्रावर चालतं, पण उलट्या बाजूनं: आधी सगळ्यांना बंद, मग नवीन कुणी बाहेर पडू बघितलं की विचारतं, सोडू का? ही विचारण्याची पद्धत झोनअलार्मनं विंडोजवर लोकप्रिय केली होती, एक्सपीच्याही आधी. ते बनवणारी कंपनी 2004 साली चेक पॉइंटनं घेतली. मॅकवाल्यांकडे व्हिएन्नाच्या कंपनीचं लिटल स्निच आहे आणि मोफत लुलू आहे, लिनक्सवाल्यांकडे ओपनस्निच. आपल्या पुण्याच्या क्विक हीलच्या मोठ्या पॅकमध्येही फायरवॉल येते, आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभी केलेली ती कंपनी म्हटल्यावर मला ते सांगताना वेगळीच ऐट वाटते.

एक जागा मात्र जपून. रिसोर्स मॉनिटरच्या यादीत एसव्हीसीहोस्ट नावाचा एक जण दिसेल, सगळ्यात जास्त धावपळ करणारा. त्याला बंद करायचा मोह होतो. करू नका! त्याच्या पोटात विंडोजच्या कितीतरी सेवा बसलेल्या असतात. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवाही तिथंच, आणि अपडेट आणणारी सेवाही. सुरक्षेचे अपडेट थांबवले तर पहारेकऱ्यालाच उपाशी ठेवल्यासारखं. दुसरं, नियम फाईलच्या पत्त्यावर चिकटतो. काही प्रोग्रॅम दर आवृत्तीला नवीन नावाचा फोल्डर करतात, मग जुना नियम रिकाम्या घराला कुलूप लावून बसतो. म्हणून अधूनमधून रिसोर्स मॉनिटर उघडून बघायचं. मला तर आता ती सवयच लागलीय, सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्ती आणि मग रेसमॉन.

आता मोबाईल. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला बसवतानाच स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो, त्यामुळे कुठलं पाकीट कुणाचं हे फोनला पक्कं माहीत असतं. पण इंटरनेटची परवानगी मात्र ॲपला न विचारता मिळते. कॅमेऱ्याला विचारतो, लोकेशनला विचारतो, नेटला विचारत नाही! इथं नेटगार्ड नावाचं ॲप कामाला येतं. ते फोनच्या आतच एक खोटी व्हीपीएन उभी करतं, सगळा प्रवाह स्वतःतून नेतं आणि प्रत्येक ॲपपुढे दोन खुणा देतं, एक वायफायची, एक मोबाईल डेटाची. फोन रूट करायची गरज नाही. भारतातल्या डेव्हलपर्सनी बनवलेलं रीथिंक तर कुठलं ॲप कुठल्या पत्त्यावर गेलं याची नोंदही दाखवतं. त्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर आम्ही तिथंच नेटगार्ड टाकलं. टॉर्चचं एक ॲप होतं त्यांच्याकडे, त्याची खूण काढली. बॅटरी लावून बघितली. लागली! "लाईट लावायला नेट कशाला लागतंय मग ह्याला?" ते म्हणाले. गाडी आली तरी ते पिशवी काखेत धरून पुढचं ॲप शोधत होते.

दुकानातला पॅक आता संध्याकाळपर्यंत टिकतो. दोन मशीन आहेत, तर पहिल्यावरचे सगळे नियम 'एक्सपोर्ट पॉलिसी' करून एका फाईलमध्ये काढता येतात आणि दुसऱ्यावर घेता येतात, हे मला परवाच सापडलं. घेताना दुसऱ्यावरचे जुने नियम पुसले जातात, तेव्हा आधी त्यांचीही एक प्रत काढून ठेवायची. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन आमच्यासारखंच आहे, त्याच्यासाठी पेनड्राइव्ह तयार आहे. आणि रविवारी, दुकान बंद असताना, मी दुसऱ्या मशीनवर मूळ सेटिंगच उलटवणार आहे: बाहेर जाणाऱ्याला नियम नसेल तर बंदी. मग एकेकाला नावानं हाक मारून बाहेर सोडायचं. जालन्याचा पोरगा येतो म्हणालाय, आणि झेरॉक्सवालाही.