टेलेमार्कच्या भूमिहीनाची लाकडी पट्टी

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. तिथल्या डोंगराळ मुलखात वर्षातले चार-पाच महिने जमीन दृष्टीस पडत नाही. घर, गोठा, शेत, रस्ता, सगळे बर्फाखाली. पाय टाकावा तर मांडीपर्यंत आत जातो. मग माणसाने सरपण आणायचे कसे? पोरांनी शाळेत जायचे कसे? हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी यावर तोड काढली. लाकडाच्या दोन लांब पट्ट्या पायांना बांधायच्या आणि बर्फावरून घसरत जायचे. या पट्टीला ते लोक ‘शी’ म्हणतात. फाडलेले लाकूड, फळी असा तिचा मूळ अर्थ. इंग्रजीतून आपल्याकडे येता येता तिची ‘स्की’ झाली.

आपण स्की पाहतो ती बहुधा सिनेमात. गुलमर्गचा बर्फ, रंगीत कोट, काळा चष्मा आणि श्रीमंत नायक-नायिका. त्यामुळे हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले, असा आपला समज होतो. वाचक बंधूभगिनींनो, आज ज्या गावाची ओळख करून घ्यायची आहे, ते गाव हा समज खोडून काढते.

मॉर्गेदाल

राजधानी ओस्लोहून पश्चिमेला निघालेला हमरस्ता टेलेमार्क नावाच्या जिल्ह्यात शिरतो. सुमारे तीन तासांच्या प्रवासानंतर एका दरीत मॉर्गेदाल हे छोटेसे गाव लागते. दोन्ही बाजूंना उतार, उतारावर सूचिपर्णी झाडे आणि विखुरलेली लाकडी घरे. गावात स्कीच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. वर चढून गेले की ओवरबो नावाची जागा लागते. तिथे एक जुने, लहानसे लाकडी घर जपून ठेवले आहे. ते सोंद्रे नोरहाइम याचे घर.

सोंद्रेचा जन्म १८२५ सालचा. घरची जमीन नाही. तो ‘हुसमान’ वर्गातला. हुसमान म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला झोपडी बांधून राहणारा कष्टकरी. तुकडाभर जमीन कसायला मिळायची आणि त्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबावे लागायचे. मालकाने ऊठ म्हटले की उठायचे. सोंद्रेने कुटुंबासह अशी कितीतरी बिऱ्हाडे बदलली.

हे वाचताना आपल्याला गावकीची कामे आणि महार वतन आठवल्याशिवाय राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविषयीचे बिल आणले होते, तेही आठवेल. फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे. हुसमान गरीब होता, अस्पृश्य नव्हता. त्याच्या स्पर्शाने विहीर बाटत नव्हती. त्याचा मुलगा गाव सोडून दुसरा धंदा धरू शकत होता. तरीही भूमिहीनाचे दुःख त्याच्या वाट्याला पुरेपूर होते. १८४८ साली मार्कुस थ्राने या पुढाऱ्याने नॉर्वेत मजुरांची चळवळ उभारली. तीत हुसमानांचा प्रश्नही होता. १८५१ साली थ्रानेला अटक झाली, पुढे तुरुंगवास भोगावा लागला आणि अखेर १८६३ साली त्याने अमेरिकेची वाट धरली.

कंबर असलेली पट्टी

सोंद्रे सुतारकामात हुशार होता. लहानपणापासून तो उतारावर खेळायचा. जुन्या पट्ट्यांत एक अडचण होती. पायाचा चवडा तेवढा वादीत अडकवलेला असायचा. सपाट जागी ते ठीक. पण उतारावर वळायचे म्हटले, उडी मारायची म्हटली, तर पट्टी पायातून निसटायची.

सोंद्रेने झाडाच्या लवचिक फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला. त्यामुळे पट्टी पायाला धरून राहिली आणि टाच वर उचलायलाही मोकळी राहिली. शिवाय त्याने पट्टीला कंबर दिली, म्हणजे दोन्ही टोके रुंद आणि मधला भाग अरुंद ठेवला. अशी पट्टी कडेवर कलली की आपोआप कमानीत फिरते. अशा पट्ट्या आधी कोणी कोरल्याच नसतील असे नाही. पण बांधणी, आकार आणि वापरण्याचे कौशल्य यांचा मेळ सोंद्रे आणि त्याच्या गाववाल्यांनी असा घातला की जग बघत राहिले.

ते जगाने पाहिले १८६८ साली. राजधानीत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियात, स्कीची स्पर्धा भरली. बेचाळीस वर्षांचा सोंद्रे आपल्या साथीदारांसह गावाहून स्कीवरूनच निघाला. अंतर जवळजवळ दोनशे किलोमीटर. शहरी मंडळी हातातल्या लांब काठीवर भार टाकून उतरत होती. हा खेडूत मात्र काठीचा आधार न घेता उतरला आणि डौलदार वळण घेऊन थांबला. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. त्या वळणाला पुढे त्याच्या मुलखाचेच नाव पडले, टेलेमार्क वळण.

पण बक्षिसाने पोट भरत नाही. १८८४ साली सोंद्रे बायको-मुलांना घेऊन अमेरिकेला गेला. शेवटी तो डाकोटाच्या माळावर स्थिरावला. जमीन मिळाली, पण डोंगर गेला. तिथेही त्याच्या दाराशी स्कीची जोडी उभी असायची, असे सांगतात. १८९७ साली तो वारला. त्याची कबर कित्येक वर्षे खुणेच्या दगडाविना होती.

आणि १९५२ साली ओस्लोला हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा ज्योत कुठे पेटवली? मॉर्गेदालमध्ये, सोंद्रेच्या घरातल्या चुलाण्यात! चौऱ्याण्णव स्कीपटूंनी ती हातोहात राजधानीला नेली. ज्याच्या नावावर हक्काची जमीन नव्हती, त्याच्या चुलीतला विस्तव साऱ्या देशाने डोक्यावर घेतला.

टाच मोकळी

पुढे आल्प्स पर्वतात टाच पट्टीला घट्ट बांधण्याची पद्धत आली. वेगाने उतरायला ती सोपी. यांत्रिक पाळण्यात बसून वर जायचे आणि खाली घसरायचे, असा खेळ झाला. टेलेमार्कची रीत मागे पडली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधील क्रेस्टेड ब्यूट येथे काही तरुणांनी ती पुन्हा उचलली. कारण साधे होते. टाच मोकळी असली की माणूस डोंगर चढूही शकतो आणि उतरूही शकतो.

टेलेमार्क वळणात एक पाय पुढे सपाट असतो. मागच्या पायाची टाच उचललेली, गुडघा खाली वाकलेला. लेझीम खेळताना पुढचा पाय टाकून खाली बसकण घेतात ना, काहीशी तशीच ठेवण. दुसऱ्या वळणाला पाय बदलायचा. मांड्या भरून येतात, पण पाहणाऱ्याला वाटते की माणूस बर्फावर नाचतो आहे.

रोजची जोडी कशी निवडावी?

आज दुकानात शिरले की डोके गरगरते. खोल भुसभुशीत बर्फाची जोडी वेगळी, कडक दाबलेल्या उताराची वेगळी, लांब चढाईची वेगळी. पैसेवाले चार-चार जोड्या बाळगतात. कष्टकऱ्याला एकच जोडी घ्यायची असते आणि तिनेच सगळे निभवायचे असते. तिलाच रोजची जोडी म्हणायचे.

पहिली गोष्ट, पैसा आधी बुटावर खर्च करावा. पट्टी उणी-अधिक असली तर चालते, बूट चावला की दिवस गेला. पूर्वी टेलेमार्कचे बूट चामड्याचे असत. १९९२ साली पूर्ण प्लास्टिकचे बूट आले आणि पायाला जास्त आधार मिळू लागला. टेलेमार्कच्या बुटाला चवड्याजवळ वाकण्यासाठी घड्या असतात. तिथे पाय दुखता कामा नये आणि टाच आत हलता कामा नये. बूट संध्याकाळी घालून पाहावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो.

दुसरी गोष्ट रुंदीची. पायाखाली, म्हणजे कंबरेच्या जागी, पट्टी किती मिलिमीटर आहे ते पाहावे. ऐंशीच्या आतली पट्टी कडक बर्फावर पटकन वळते, पण मऊ बर्फात रुतते. एकशे दहाच्या पुढची मऊ बर्फावर तरंगते, पण कडक उतारावर जड जाते. रोजच्यासाठी पंचाऐंशी ते शंभरच्या दरम्यानची बरी.

तिसरी गोष्ट ताठरपणाची, आणि टेलेमार्कमध्ये हीच सर्वांत मोठी. मागच्या पायाची टाच उचललेली असते, म्हणजे मागची पट्टी फक्त चवड्याच्या जोरावर वाकवायची असते. पट्टी फार ताठ असेल तर ती वाकतच नाही आणि माणूस आडवा होतो. फार मऊ असेल तर कडक उतारावर ती थरथरते, कडा धरत नाहीत.

इथे सोण स्थविराची गोष्ट आठवते. सोण हा श्रीमंताघरचा, नाजूक पायांचा तरुण. भिक्खू झाल्यावर त्याने एवढा खडतर प्रयत्न केला की चालून चालून तळपायांतून रक्त आले. तो घरी असताना वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला त्याच वीणेचे उदाहरण दिले. तार फार ताणली तर सूर नीट लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. पुढे सोणाच्या निमित्ताने भगवंतांनी भिक्खूंना एका तळाच्या वहाणा वापरायलाही परवानगी दिली. शरीराला काय झेपते ते पाहणारा हा धम्म आहे. स्कीची पट्टी निवडताना हीच मध्यम तार शोधायची. हलक्या अंगाच्या माणसाला मऊ पट्टी पुरते, भारदस्त माणसाला थोडी ताठ लागते. दुसऱ्याची पाहून आपली घेऊ नये.

चौथी गोष्ट लांबीची. शिकाऊ माणसाने पट्टी उभी धरली असता ती हनुवटीपर्यंत यावी. सरावलेल्याने नाकापासून कपाळापर्यंतची घ्यावी. लांब पट्टी वेगात स्थिर राहते, आखूड लवकर वळते.

पाचवी गोष्ट, बूट पट्टीला धरणारा साचा. जुन्या पद्धतीत बुटाच्या पुढे बदकाच्या चोचीसारखी पट्टी असते आणि टाचेमागून तारेचा वेढा जातो. सोंद्रेच्या फांदीच्या वेढ्याचीच ही पोलादी नात! २००७ साली नॉर्वेच्याच रोटेफेला कंपनीने नवी पद्धत आणली. तीत बूट चवड्याच्या खालून पकडला जातो आणि पकड अधिक मजबूत असते. एका पद्धतीचा बूट दुसऱ्या पद्धतीच्या साच्यात बसत नाही, म्हणून बूट आणि साचा यांचा मेळ घेण्याआधीच पाहावा. जुने साचे पडल्यावर बूट सोडत नाहीत, गुडघ्याला इजा होऊ शकते. सुटणारा साचा परवडत असेल तर तोच घ्यावा. डोक्याला शिरस्त्राण हवेच.

पायी चढून जायचे असेल तर पट्टीच्या तळाला चिकटवायची ‘कातडी’ लागते. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची असते. तिचे केस एका बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे पट्टी पुढे सरकते, पण मागे घसरत नाही.

जुने घेताना

रोजची जोडी नवीच हवी असे मुळीच नाही. हंगाम संपला की जुना माल स्वस्त होतो. घेताना तळावर हात फिरवावा. आतले लाकूड दिसण्याइतकी खोल खोच असेल तर ठेवून द्यावी. पोलादी कड कुठे तुटली किंवा उचलली आहे का ते पाहावे. टोकाशी थर सुटले असतील तर पाणी आत शिरते. साचा बसवण्यासाठी आधी किती वेळा भोके पाडली आहेत तेही मोजावे, कारण भोकांजवळ भोके पडली की स्क्रू धरत नाही. शक्य असेल तर आधी भाड्याने घेऊन दोन दिवस वापरावे. नवशिक्याने तर विकत घेण्याची घाईच करू नये.

नॉर्वेत एक चांगली सोय आहे. ‘बूआ’ नावाची केंद्रे गावोगावी आहेत. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तशी मुलांनी तिथून स्की, बूट, घसरगाड्या न्यायच्या आणि वापरून परत करायच्या. पैसे पडत नाहीत. घरची परिस्थिती नाही म्हणून एखादे मूल बर्फाच्या देशात बर्फाबाहेर राहू नये, हा त्यामागचा विचार.

तिथल्या डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियमही ठरलेले आहेत. वेळीच माघारी फिरण्यात लाज नाही, हा त्यांतला एक. शाळकरी पोरांनाही तो ठाऊक असतो.

आपल्याकडे गुलमर्गला, औलीला बर्फ पडतो आणि स्की भाड्याने मिळतात. आपल्या घरातला एखादा मुलगा सैन्यात असतो, एखादी मुलगी गिर्यारोहणाच्या शिबिराला जाते. त्यांच्या पायांना कधी ना कधी ही पट्टी लागेल. तेव्हा त्यांनी बिचकू नये. हा खेळ साहेबांचा, आपल्याला कसा जमेल, असे मनात आणू नये. या पट्टीला कंबर देणारे हात दुसऱ्याच्या शेतावर राबणारे होते. त्याने जवळच्या झाडाची फांदी घेतली, आपल्या पायाचे माप घेतले, समोरचा उतार पाहिला आणि त्याला साजेसे हत्यार घडवले. रोजची जोडी निवडण्याची याहून चांगली रीत अजून कोणी सांगितलेली नाही.