अंगठा उठंना

माझ्या नवऱ्यानं अमेरिकेत काही गुन्हा केलेला नाही, हे अमेरिकेनं पहिल्या फटक्यात मान्य केलं. मी केलेला नाही हे मान्य व्हायला मात्र अख्खा हिवाळा गेला. आता कॅनडाचं पीआर कार्ड, म्हणजे कायमच्या वास्तव्याचं कार्ड, पर्समध्ये आहे, सगळं रीतसर पार पडलंय, तरी विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि मुलगी म्हणते, "आई, परत सुरू नको ना करूस." म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधीची गोष्ट शेकडो घरांतली आहे. लग्न, न्यू जर्सी, एच-फोर व्हिसा, म्हणजे नवरा कामावर आणि बायको घरात. ग्रीनकार्डाच्या रांगेचा कंटाळा आला, तिकडून कॅनडा. मिसिसागात बेसमेंट, मग अपार्टमेंट. मला डेकेअरच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. कायमच्या वास्तव्यासाठी एक्सप्रेस एंट्रीचं बोलावणं आलं आणि घड्याळ सुरू झालं: ६० दिवसांत सगळी कागदपत्रं चढवायची. त्यात पोलीस सर्टिफिकेट, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याचा दाखला. गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं वेगळं. आम्हाला दोन हवी होती, भारताचं आणि अमेरिकेचं. भीती भारताच्या कागदाची होती. तो मुकाट्यानं आला. सांगलीच्या पत्त्यावर हवालदार येऊन गेला, सासूबाईंनी चहा दिला, शेजारच्या काकूंनी आमची वर्तणूक चांगली असल्याचं सांगितलं, संपलं. अमेरिकेचं काय, तिथं सगळं ऑनलाइन, असं आम्ही समजून चाललो होतो.

अमेरिकेत हे काम एफबीआयकडे आहे. अर्ज ऑनलाइनच भरायचा, १८ डॉलर भरायचे. पण एफबीआय नावावर विश्वास ठेवत नाही, बोटांवर ठेवते. दहाही बोटांचे ठसे द्यायचे. तुम्ही अमेरिकेत असाल तर ठरावीक पोस्ट ऑफिसांत मशीनवर बोटं टेकवता येतात. देशाबाहेर असाल तर कार्डावर ठसे उमटवून ते कार्ड टपालानं वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग नावाच्या गावी पाठवायचं. कार्डावर दहा चौकोन असतात. प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवून उमटवायचं. खाली पुन्हा चार-चार बोटं एकत्र आणि दोन्ही अंगठे, सपाट दाबून.

इथंच मी पहिल्यांदा चिडले. माझी बोटं अमेरिकेकडे नव्हती का? व्हिसाच्या वेळी मुंबईत दहा बोटं दिली होती. नेवार्कला उतरले की दर वेळी उजवी चार, अंगठा, डावी चार, अंगठा. नवऱ्यानं शांतपणे समजावलं की ते खातं वेगळं, हे खातं वेगळं, तो साठा वेगळ्या कामाचा. असेल. तहसीलदाराच्या कचेरीत या टेबलावरचा कागद त्या टेबलावर जात नाही, तेव्हा आपण देशाला नावं ठेवतो.

ठसे घेणारी खासगी दुकानं इथं असतात. आम्हाला जवळचं सापडलं ते एका प्लाझात, पिझ्झाच्या दुकानाला लागून. आत एक गृहस्थ, एक काउंटर, काळ्या शाईचं पॅड. आधी नवरा. त्याची बोटं अशी उमटली की छापखान्यातून काढल्यासारखी. रेघ न् रेघ वेगळी. त्या गृहस्थांनी कार्ड उजेडात धरून कौतुकसुद्धा केलं. मग मी. अंगठा लोळवला, काळा डाग. तर्जनी, काळा डाग, मधे पांढरी भेग. त्यांनी जोर वाढवला, डाग आणखी काळा झाला. कार्ड बाजूला टाकलं, नवीन घेतलं. त्याचे पैसे वेगळे, हे नंतर कळलं. माझी बोटं धरून ते अशी दाबत होते की मी सहकार्य करत नाहीये असंच कुणालाही वाटावं. मागे दोन ट्रक ड्रायव्हर आणि एक कॉलेजची मुलगी रांगेत. तेवढ्यात त्यांनी हात सोडला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही हातांनी करता तरी काय?"

मी काय करते?

या प्रश्नाला मी तिथं काहीही उत्तर दिलं नाही, नुसती हसले, आणि तेच मला अजून खातंय. उत्तर भरपूर होतं. मी रोज चाळीस पोरांचं जेवण करते. कच्च्या चिकनला हात लागला की हात धुवायचे, अंड्याला लागला की धुवायचे, ग्लोव्ह घालण्याआधी धुवायचे, काढल्यावर धुवायचे, मधे सॅनिटायझर. मोठी पातेली मशीनमध्ये मावत नाहीत, ती हातानं. घरी आले की घरची भांडी. त्याआधीची वर्षं न्यू जर्सीत, जिथं मला कायद्यानं नोकरी करता येत नव्हती म्हणून मी घर घासत होते, कारण दुसरं घासायला काही नव्हतं. त्यात कॅनडाची कोरडी थंडी. बोटांच्या भेगांना आणि खाजेला डॉक्टरांनी एक्झिमा म्हटलं होतं. पण मलम लावायचं, ग्लोव्ह घालायचे आणि कामाला लागायचं, यापलीकडे मी त्याकडे कधी बघितलं नव्हतं. नवरा दिवसभर कीबोर्ड बडवतो. त्यानं काही झिजत नाही असं दिसतं.

गृहस्थ म्हणाले, चालून जाईल. चाललं नाही. नवऱ्याचं उत्तर ईमेलनं आलं. माझं आलं ते एवढंच, की ठसे वाचण्याजोगे नाहीत, नव्यानं पाठवा.

ही बातमी मी सासूबाईंना फोनवर सांगितली, तर त्या हसायलाच लागल्या. "म्हंजे तुजाबी अंगठा उठंना का?" त्यांच्या गावात रेशनच्या दुकानात पॉस मशीन आलं तेव्हापासून हे त्यांचं रडगाणं आहे. आयुष्यभर हळदीत काम केलेलं. काढायची, शिजवायची, वाळवायची. बोटं गुळगुळीत. दुकानदार म्हणतो, मावशी, पुसा न् परत लावा. त्या बोट केसांतून फिरवतात, पदराला पुसतात, परत लावतात. मागची बाई सल्ला देते, दुसरं बोट लाव. कधी उठतो, कधी पुतण्याच्या मोबाइलवर ओटीपी येईपर्यंत दगडावर बसून राहतात. माझं ऐकून त्यांना दुःख वगैरे काही झालं नाही. उलट अमेरिकेच्या मशीनचीही तीच गत आहे म्हटल्यावर त्यांना बरंच समाधान वाटलेलं दिसलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांनी हातानं कामं केली त्यांचेच हात सरकारला ओळखू येत नाहीत, ही कुठली रीत?

नवऱ्याला मी हे ऐकवलं. त्याचं म्हणणं असं, की यात अपमान कसला, गांधींनीसुद्धा ट्रान्सवालमध्ये दहा बोटांचे ठसे दिले होते. दिले होते, मी म्हटलं, पण आधी त्या कायद्याविरुद्ध तुरुंगात जाऊन. १९०८ साली तडजोड झाली म्हणून द्यायला निघाले, तर स्वतःच्याच माणसाच्या हातचा मार खाल्ला. आणि सरकारनं शब्द पाळला नाही तेव्हा त्याच वर्षी परवान्यांची होळीही केली. तू काय जाळणार आहेस? यावर तो उठून भांडी घासायला गेला. हे बरं झालं, कारण पुढं त्याला तेच करायचं होतं.

म्हणजे झालं असं, की मी जरा चौकशी करून दुसरी जागा शोधली. लांबची, दोन बस बदलून जायची. तिथल्या मुलीनं फोनवरच सांगितलं की लगेच येऊ नका. आधी काही दिवस पाण्यात हात घालायचा नाही. रात्री जाड व्हॅसलीन लावून सुती मोजे हातात घालून झोपायचं. ठसे देण्याच्या दिवशी मात्र काहीही लावायचं नाही. डेकेअरमध्ये मी भाज्या चिरण्याचं काम मागून घेतलं, घरी नवरा आणि मुलगी सिंकपाशी. दिवस मोजत बसायचे आणि हात नुसते सांभाळायचे, हे मी जन्मात कधी केलं नव्हतं. मला ते मुळीच आवडलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं आवडलंही.

तोवर ६० दिवस संपत आले. कॅनडाच्या अर्जात अशी सोय आहे की सर्टिफिकेट वेळेत मिळत नसेल तर प्रयत्न केल्याचे पुरावे आणि खुलाशाचं पत्र जोडायचं. मंजूर करायचं की फाइल अपुरी म्हणून परत पाठवायची, हे अधिकाऱ्याच्या मनावर. मी अर्जाची पावती, टपालाची पावती, ठसे नाकारल्याचं उत्तर जोडलं आणि पत्रात माझ्या एक्झिमाची अशी सविस्तर हकीकत लिहिली की नवरा म्हणाला, हे इमिग्रेशनला चाललंय की कातडीच्या डॉक्टरांना? कुणाला असा प्रसंग आला तर माझं ऐका, एकेक चिठोरा जपून ठेवा. आणि एकाच पाकिटात दोन-तीन कार्डं पाठवा. टपालाचा खर्च तोच.

दुसऱ्या जागेतल्या त्या मुलीनं ठसे घेतले ते बघण्यासारखं होतं. शाई अगदी पुसट. दाब जवळजवळ नाहीच. ती म्हणाली, रेघा उथळ असल्या की जोरानं दाबलं तर शाई खोबणीत भरते आणि सगळं काळं होतं. हात सैल सोडा, मला मदत करू नका, भिंतीकडे बघा. मी भिंतीकडे बघत राहिले. वळून पाहिलं तर कार्डावर माझ्या बोटांच्या रेघा. बारीक, मधेमधे तुटलेल्या, पण होत्या. आधी मी ठसे द्यावे लागतात म्हणून संतापले होते, मग ठसे उमटत नाहीत म्हणून. आणि आता त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढत होते. माझा मलाच राग आला, पण फोटो काढला.

पुढं एफबीआयचं उत्तर आलं आणि मी ते ताबडतोब चढवलं. मजकूर जेमतेम काही ओळींचा. पाठवलेल्या ठशांवरून शोध घेतला असता आमच्याकडे अटकेची पूर्वीची कुठलीही नोंद आढळली नाही. इथं थांबले असते तर मी पेढे वाटले असते. पुढची ओळ अशी, की याचा अर्थ राज्य किंवा स्थानिक पातळीवर काही नोंद असणारच नाही असा घेऊ नये. नवऱ्याच्या कागदावरही हीच ओळ होती. त्यानं ती वाचलीसुद्धा नव्हती. मी ती तीनदा वाचली. भेगांवर व्हॅसलीन चोपडून, दोन बस बदलून, एवढं सगळं करून शेवटी असंच ना, की आम्हाला तरी काही सापडलं नाही, बाकी देव जाणे. सांगलीतल्या आमच्या काकूंनी हवालदाराला यापेक्षा ठाम शब्दांत सांगितलं होतं.

आता नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. त्यातही हे कलम आहेच. गेल्या चार वर्षांत कॅनडाबाहेर एका देशात सलग १८३ दिवस किंवा जास्त राहिलात तर त्या देशाचं पोलीस सर्टिफिकेट. तिकडे भारतात वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ताई म्हणते सहा महिने तरी ये, माझ्याच्यानं एकटीनं होत नाही. नवरा म्हणतो, खुशाल राहा, भारताच्या कागदाला दहा बोटं थोडीच लागतात. बरोबर आहे त्याचं. तरी मी परतीचं तिकीट साडेपाच महिन्यांचं काढलंय, आणि ताईला त्याचं कारण काही सांगितलेलं नाही.