आईचे पासबुक

मंडळी, शेतकरी मेळाव्यात मी बियाण्यांपासून बँकेपर्यंत सगळ्यांवर सल्ले देतो. पण माझ्याच घरी मी काय केले, ते आज सांगतो.

आमचे गाव भिवंडी तालुक्यात. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातील आमने येथे संपतो. त्यासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने थेट खरेदीने जमिनी घेतल्या. २०१८ साली आमचाही भाताचा तुकडा गेला. सातबाऱ्यावर आईचे, माझे आणि बहिणीचे नाव होते. खरेदीखत झाले आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा झाले.

आईचे खाते तीन-चार वर्षांपूर्वी काढलेले. त्यात जेमतेम तीनशे रुपये. पासबुक तांदळाच्या डब्यात जपून ठेवलेले. त्या खात्यावर एवढी रक्कम आली, की आईने जन्मात तेवढी पाहिली नव्हती.

मी मात्र मनात घराचा वरचा मजला बांधूनही टाकला होता! पैसे काढायच्या स्लिपवर आईचा अंगठा घेतला आणि पासबुक खिशात घालून बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "दोन वर्षांत खातेदाराने व्यवहार केलेला नाही. खाते निष्क्रिय आहे. पैसे जमा झालेत, ते कुठे जात नाहीत. पण काढता येणार नाहीत. आणि अंगठ्याचे खाते आहे, आईंना घेऊन या."

चिडूनच घरी आलो. आई निवडत बसली होती. सगळे ऐकून घेतले आणि सुपातून मान वर न करता म्हणाली, "बाला, पैसे कोनाचे?"

मला उत्तर देता आले नाही. चाळीस वर्षे त्या शेतात लावणी तिने केली होती. मी शिकलो तोही त्याच भातावर.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. आधार कार्ड, फोटो आणि खरेदीखताची प्रत बरोबर नेली. पैसे कशाचे, असे बँकेने विचारले, तेव्हा ती प्रत पुढे केली. कागदपत्रे तपासून खाते सुरू झाले. त्यासाठी एक पैसा लागला नाही. निष्क्रिय खाते सुरू करण्यास बँकेने शुल्क घ्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मग आईने ठरवले. सहा महिने काहीच करायचे नाही. पैसे आल्याचा वास लागताच गाडीवाले, प्लॉटवाले, दामदुप्पटवाले दारात आले. सगळ्यांना चहा मिळाला, पैसे कुणालाच नाहीत. नंतर तिने दोन बँकांत मुदत ठेवी केल्या आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यावर घेतले. वारस म्हणून माझे आणि बहिणीचे, दोघांचेही नाव लावले. थोडे पैसे माझ्या घराला दिले, पण स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने.

भावांनो, ज्यांच्या जमिनी जाणार आहेत त्यांनी घरातल्या बायांची खाती आधी तपासावीत. वर्षातून एकदोनदा शंभर रुपये भरावेत किंवा काढावेत. दहा वर्षे खात्याकडे कुणी फिरकले नाही, तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते; ती मागून परत मिळते, पण हेलपाटे पडतात. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल-व्याजाला मिळून ५ लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे. आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यावा.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमच्या शेतावरून आता गाड्या धावतात. आई अजून दर तीन महिन्यांनी स्वतः बँकेत जाते. मी गाडीवर सोडतो आणि बाहेर थांबतो.