भाताविना कुपा

कोकणी माणसाच्या ताटातला मासा काढला तर तो रुसतो. भात काढला तर ‘मी जेवलोच नाही’ म्हणतो. आमच्या घरात हे दुसरं संकट ह्यांच्या साखरेच्या रिपोर्टासोबत आलं. डॉक्टरीणबाईंनी भाताखाली रेघ ओढली आणि आमच्या गुहागरकर गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

त्यात आम्ही राहतो स्वारगेटला. म्हणजे कोकण विसरायची सोयच नाही. एसटी स्टँडवर पहाटे कोकणातल्या गाड्या रिकाम्या होतात. फणस उतरतात, आगळाच्या बाटल्या उतरतात आणि कितीही कागदांत गुंडाळला तरी न लपणारा सुक्या बांगड्याचा वास उतरतो. तो जेधे चौक ओलांडून थेट आपल्या गॅलरीत येतो, असं ह्यांचं ठाम म्हणणं आहे. मला तिथे फक्त डिझेलचा वास येतो.

पोके बाऊल हे नाव भाचीनं घरात आणलं. ट्यूनाचे चौकोनी तुकडे, सोया सॉस, तीळ, काकडी, खाली भात. भात वगळला की झालं तुमचं लो-कार्ब, म्हणाली. मूळ पदार्थ हवाई बेटांचा. मी त्याच्याविषयी वाचत गेले आणि गंमत वाटली. तिथल्या मूळ रहिवाशांच्या पोकेत सोया नव्हता आणि भातही नव्हता. ताजा मासा कापायचा, त्यात समुद्राचं मीठ, समुद्रातलंच शेवाळ आणि कुकुई नावाच्या झाडाच्या भाजून कुटलेल्या बिया. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला चिनी आणि जपानी मजूर आले, त्यांच्याबरोबर तांदूळ आणि सोया आला. म्हणजे साखरेच्या धंद्यानं ताटात आणलेला भात आम्ही साखरेपायीच बाजूला सारत होतो. (पिष्ट हवाईच्या मूळ रहिवाशांनाही लागायचंच म्हणा. ते अळूचे कंद उकडून, कुटून खात.)

मला धरून ठेवलं ते त्या कुकुईनं. तेलकट बी, इतकी की पूर्वी ती दिव्यासारखी जाळत. भाजायची, मिठाबरोबर कुटायची आणि चिमूटभर घालायची. आपली कारळ्याची चटणी याहून वेगळं काय करते? मग मी बाहेरून आणलेल्या बाटल्यांचा नाद सोडला. तयार सॉसमध्ये बऱ्याचदा साखर असतेच, लेबल वाचलं की कळतं. आमच्या वाडग्यात साधा सोया सॉस, तोही बेतानं, कारण त्यात मीठ फार. त्यात कोकमाचा आगळ थोडा, किसलेलं आलं, हिरवी मिरची, भाजून भरडलेले तीळ आणि वरून कारळ्याची चटणी.

ट्यूना म्हणजे आपला कुपा किंवा गेदर. सुरमई-पापलेटवाल्या घरांनी त्याला कधी मान दिला नाही. लाल मांस, उग्र चव, भाव कमी. मला तो आवडतो, आणि अन्याय झालेला मासा आहे असं वाटतं. आता मेट्रोनं स्वारगेटहून मंडई एकच स्टेशन. तिथून चालत गणेश पेठेचा मासळी बाजार. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. कुपा रोज मिळेलच असं नाही. मिळाला की मी आधी कल्ले उघडून बघते, मग पोटाशी हात लावून बर्फाचा गारवा आहे का ते पाहते. विकणाऱ्या मावशी विचारतात, “कालवण का तळायचंय?” मी म्हणते, “लांब पट्ट्या द्या, काटा नको.” त्या एकदा माझ्याकडे बघतात आणि कोयता उचलतात.

हा गारवा महत्त्वाचा. कुपा गरम राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामीन शिजवूनही जात नाही. हवाईत मासा कच्चा खातात. आपल्या बाजारातला मासा शिजवण्यासाठी विकलेला असतो, म्हणून मी तो कच्चा वाढत नाही. कण्यालगतची काळपट पट्टी काढून टाकते, उरलेलं मांस फडक्यानं अगदी कोरडं टिपते, तिळाचं तेल आणि मीठ चोळून बिडाच्या तव्यावर टाकते. चर्र आवाज येतो. कडेनं रंग चढताना स्पष्ट दिसतो: आधी जांभळा, मग फिकट गुलाबी, मग राखाडी. मधली गुलाबी रेघ मिटली की लगेच उतरवायचा. आणखी राहिला तर भुसा होतो. गार झाला की चौकोनी तुकडे करायचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मिठाच्या पाण्यातला डबाबंद ट्यूना. निथळून घेतला की तोही चालतो.

भाताच्या जागी फ्लॉवर. किसायचा आणि रुंद तव्यावर मोठ्या आचेवर परतायचा. झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून लगदा. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये सुमारे ५. कुप्यात जवळपास नाहीतच; उलट २३-२४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. बाजूला मार्केट यार्डातली काकडी, मुळा, कोबी, पातीचा कांदा. सगळं न कालवता शेजारी शेजारी मांडायचं, म्हणजे प्रत्येक घास वेगळा लागतो.

ह्यांनी पहिल्यांदा वाडगा पाहिला आणि म्हणाले, “कोशिंबिरीत मासा पडलाय.” आता स्वतःच फ्लॉवर किसतात. पण भाताची आठवण गेली असं मी म्हणणार नाही. फ्लॉवर म्हणजे भात नव्हे, आणि तसं भासवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. घास कुरकुरीत, आंबटतिखट, पोटभरीचा होतो, एवढं खरं.

करून बघा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात तोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि कुपा आणायला निघाल तेव्हा झाकणाचा डबा आणि बर्फ घरूनच न्या.