एक अधिक एक

गणिताच्या मास्तराने आपल्या घरी गणिताचा गर्व मिरवू नये, हा धडा मी माझ्याच दोन मुलांकडून शिकलो. एक अधिक एक बरोबर दोन, असे मी गेली सोळा वर्षे शाळेत सांगत आलो आहे. घरी मात्र एक अधिक एक बरोबर अकरा होतात. ही रीत कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. थोरले चिरंजीव नऊ वर्षांचे आणि धाकटे सात वर्षांचे. एकेकटे असले की दोघेही गाईसारखे गरीब. पण दोघे एकत्र आले, की शेजारीपाजारी आपापल्या कुंड्या आत घेतात.

पूस नदीच्या काठचे आमचे हे पुसद तसे आडवळणाचे; पण त्याचा मान मोठा आहे. या तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३ या काळात त्याच खुर्चीवर बसले. एका तालुक्याने राज्याला दोन मुख्यमंत्री द्यावेत, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. आमच्या घराने मात्र दोन विरोधी पक्षनेते दिले. त्यातही दुर्दैव असे, की दोघांचा पक्ष एकच आहे.

वानगीदाखल एकच प्रसंग सांगतो. गेल्या आषाढात एके दुपारी शिक्षकांच्या खोलीत मी जेवणाचा डबा उघडला. आत पोळ्यांच्या जागी काठोकाठ सरकी भरलेली! कापूस हे आमच्या वऱ्हाडचे पांढरे सोने, हे मला मान्य आहे. सरकी जनावरांना पौष्टिक, हेही मी ऐकून आहे. तथापि ती कोशिंबिरीबरोबर खाता येत नाही. भोवतालच्या मंडळींनी त्या दिवशी मला आपल्या डब्यांतले घास दिले आणि त्याची किंमत म्हणून आठवडाभर माझ्यासमोर हंबरून घेतले.

संध्याकाळी चौकशी केली. शेजारच्या गोठ्यातले वासरू रोज सरकी खाऊन कंटाळले असेल, असे उभयतांना वाटले होते. म्हणून वासराला पोळ्या आणि बापाला सरकी अशी अदलाबदल झाली.

"अरे, पण डबा भरून का ठेवलात?"

"तुम्हीच तर सांगता बाबा," धाकटे म्हणाले, "एका बाजूनं काढलं तर तेवढंच घालावं लागते. नाही तर समीकरण चुकते."

मी निरुत्तर झालो. आमची सौ. पदराआड हसत होती. माझी आई उघड हसत होती. "ही कल्पना कोणाची?" एवढेच मी दरडावून विचारले. उत्तर आले, "आमची." आमच्या घरात प्रत्येक गुन्ह्याचा कर्ता हा असा अनेकवचनी असतो. व्याकरणाच्या मास्तरांना मी याविषयी विचारले. तेही हतबल झाले.

हसण्यावारी न्यायची अशी प्रकरणे पुष्कळ आहेत. परंतु यंदाच्या पोळ्याला जे घडले, ते मला हसण्यावारी नेता आले नाही.

आमच्या विदर्भात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी तो १८०६ साली सुरू केला, असे सांगतात. त्या दिवशी मान खऱ्या बैलांचा नव्हे, तर लाकडी नंद्यांचा; आणि त्यांचे धनी म्हणजे लहान मुले. नंदी सजवायचा, दोरीने ओढत घरोघर न्यायचा आणि बोजारा म्हणून खाऊ किंवा पैसे घेऊन यायचे. आमचा नंदी सागवानी आहे. माझ्या वडिलांनी तो सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता. दादा आणि मी, आम्हां दोघांत तो एकच. गल्लीच्या टोकापर्यंत दोरी दादाच्या हातात आणि तेथून पुढे माझ्या हातात, असा करार होता. वडील गेले, त्यांच्या हातचे म्हणावे असे माझ्याजवळ उरले, ते एवढेच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी नंदी माळ्यावरून काढला, तो त्याचा पुढचा डावा पाय गुडघ्यातून मोडलेला. तुकडा एका चिंधीत नीट बांधून पोटाखाली दडवला होता. कृत्य कोणाचे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दोघांपैकी कोणाचे, एवढाच प्रश्न होता.

मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन विचारले. दोन्हीकडून तेच उत्तर, "आम्ही." शेवटी मी, सांगायला लाज वाटते, लाचेवर आलो. "जो दुसऱ्याचं नाव सांगेल, त्याला नवा कोरा नंदी. एकट्याचा!" धाकट्याचे डोळे क्षणभर लकाकले. त्याने थोरल्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. थोरला तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

माझा तोल गेला. थोरल्याच्या गालावर एक चपराक बसली. तो रडला नाही. धाकटा पुढे आला, आपला गाल माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "मी पण होतो ना बाबा."

तोच आतून आई आली. "काहून मारतं रे लेकरायले? तो पाय का आज मोडला? पहिलेच मोडेल होता तो. तूच मोडला होता, सात वर्षांचा होता तवा. अन् मार खाल्ला तुह्या दादानं."

मी तो तुकडा उजेडात धरला. रंगाच्या खाली जुन्या सरसाचा पिवळा थर होता आणि त्यात एक बारीक खिळा. मग सारे आठवले. ओट्यावरून नंदीला उडी मारायला लावणारा मी होतो. वडिलांनी विचारले, तेव्हा दादा म्हणाला होता, "मी मोडला." छडी त्याच्या हातावर बसत होती आणि मी दाराआडून ती मोजत होतो. गणिताची गोडी मला तेव्हापासूनची.

त्या दादाशी मी चार वर्षे बोललो नव्हतो. वडिलांच्या शेताची वाटणी झाली, तेव्हा धुऱ्यावरची एक बाभूळ कोणाच्या बाजूला, यावरून बोलाचाली झाली. मग वकील झाले, मग तारखा. त्या बाभळीची सावली दुपारी माझ्या शेतात पडते आणि सकाळी त्याच्या. तिच्याखाली बसायला मात्र दोघांनाही फुरसत नाही. ज्या शहाणपणाने आम्हां भावांना वेगळे केले, तेच मी त्या दिवशी माझ्या पोरांना लाच देऊन शिकवत होतो. त्यांनी ते घेतले नाही, ही त्यांची कृपा.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी स्कूटर काढली. पुढे धाकटे, मागे थोरले आणि त्यांच्या मांडीवर तीन पायांचा नंदी. दादा खेड्यावर राहतो आणि लाकडाचे काम त्याला चांगले येते. तो अंगणातच होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. नंदी तेवढा हातात घेतला, पाय फिरवून पाहिला आणि विचारले,

"कोणं मोडला?"

पोरांनी "आम्ही" म्हणायला तोंड उघडले होते, पण त्याआधीच मी म्हणालो, "मी मोडला, दादा."

दादा बराच वेळ खिळा उपसत राहिला. "आताही तूच मोडला का बे?" तो म्हणाला आणि मग वहिनीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. त्या चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती, की चार वर्षांनी प्यायल्यामुळे तसे वाटले, हे मला सांगता येत नाही. दुपारी चार पायांचा नंदी त्या खेड्यातून फिरला. गल्लीच्या टोकापर्यंत दोरी थोरल्याच्या हातात होती, पुढे धाकट्याच्या. हा करार त्यांना कोणी सांगितला नव्हता.

परत येताना धाकट्यांनी विचारलेच, "बाबा, तुम्ही मोठ्या बाबांजवळ खोटं काहून बोलले?"

"खोटं नव्हे," मी म्हणालो, "जुनी बाकी होती, ती फेडली."

बाभळीचा निकाल अद्याप लागलेला नाही आणि तारखाही पडत आहेत. परंतु तारखेला आम्ही दोघे आता एकाच स्कूटरवरून जातो, याचे वकिलांना फार वाईट वाटते. पाय दुसऱ्यांदा कोणी मोडला, ते मला आजतागायत कळलेले नाही आणि मी विचारतही नाही. या दिवाळीला दादा सहकुटुंब आमच्याकडे येणार आहे. येताना चकल्यांचा डबा आणणार असल्याचा निरोप आहे, आणि तो निरोप ऐकल्यापासून दोन्ही विरोधी पक्षनेत्यांची माडीवर गुप्त खलबते चालू आहेत.

तो डबा उघडण्यापूर्वी मी कानाशी धरून हलवून पाहणार आहे. आत सरकी असली, तर आवाज वेगळा येतो.