लखनौची थंडी आणि गाडीची बॅटरी

लखनौ पाहायचं तर डिसेंबर-जानेवारीत. चौकातल्या गोल दरवाजापाशी सकाळी मिळणारी, फेसासारखी हलकी मक्खन मलाई फक्त थंडीतच असते. आपली मंडळी सहसा मुक्काम लखनौत ठेवून एक दिवस अयोध्या आणि एक दिवस बिठूर करतात. अयोध्या साधारण १३५ किलोमीटर. बिठूर कानपूरजवळ, गंगेकाठी. पेशवाई गेल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे दिवस तिथेच गेले, त्यामुळे मराठी माणसाचा पाय तिकडे वळतोच. दहा-बारा जण असले की ट्रॅव्हलर ठरते आणि पहाटे पाचला निघायचं ठरतं.

गाडी ठरवताना नुसतं ‘टेम्पो’ म्हणू नका. आपल्याकडे टेम्पो म्हणजे सामानाची गाडी, तर लखनौत टेम्पो म्हणजे शेअरची तीनचाकी. त्यातली ‘विक्रम’ याच शहरातल्या स्कूटर्स इंडियाच्या कारखान्यात बनायची. ‘ट्रॅव्हलर’ म्हणा आणि किती सीटची हवी ते सांगा.

आता एक काम आदल्या संध्याकाळी करा: गाडीची बॅटरी बघून घ्या. तुम्ही म्हणाल, भाड्याच्या गाडीची बॅटरी आपण कशाला बघायची? कारण पहाटेचं धुकं. दहा-वीस पावलांपलीकडचं दिसत नाही अशा वेळी हायवेवर गाडी बंद पडली आणि बॅटरीत दम नसला, तर मागच्यांना इशारा देणारे दिवेही लागत नाहीत. गाडीत झोपलेली मुलं आणि आजी-आजोबा असतात. खरी भीती ती आहे, उशीर होण्याची नाही.

बॅटरी मरते उन्हाळ्यात. लखनौच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या उष्णतेने ती आतून झिजते. थंडीत तिची ताकद आणखी उतरते, इंजिनातलं ऑइलही घट्ट होतं आणि झीज उघडी पडते. कालपर्यंत बरी चाललेली गाडी पहाटे सेल्फ घेत नाही, ती यामुळे.

बॅटरी सापडायला मात्र थोडी शोधाशोध होते. पुढचं बॉनेट उघडलं की दिसेलच असं नाही. ईकोसारख्या व्हॅनमध्ये तर इंजिनच पुढच्या सीटखाली असतं. मोठ्या गाड्यांत बॅटरी सीटखाली, पायाखालच्या झाकणात किंवा बाहेरच्या बाजूला कुलपाच्या कप्प्यात असू शकते. गाडीचं पुस्तक बघा, किंवा सरळ ड्रायव्हरला विचारा. लखनौत बोलण्यात ‘आप’ असतंच, तेव्हा ‘भैया, ज़रा बैटरी दिखाइएगा’ असं म्हटलं की राग येत नाही, उलट तो स्वतःच टॉर्च धरतो.

बॅटरी पक्की बसलेली हवी, फुगलेली किंवा ओली नको. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर तो साफ करायला ड्रायव्हरलाच सांगा, तुम्ही हात लावू नका, आत आम्ल असतं. जवळ विडी-सिगारेट नको, कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो. बॅटरी किती जुनी आहे तेही विचारा. तीन-चार वर्षं झाली असतील तर जरा सावध राहा.

मग हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगा. दिवे थोडे मंद होणं ठीक. अगदी विझू लागले किंवा नुसती टक-टक ऐकू आली, तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल सैल आहे. मीटर असेल तर काम आणखी सोपं. बंद करून काही तास झालेली १२ व्होल्टची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसलं, तर चार्जिंग ठीक आहे.

शंका वाटली तर त्याच संध्याकाळी मालकाला फोन करून बॅटरी किंवा गाडी बदलून मागा. संध्याकाळी दुकानं उघडी असतात, पहाटे पाचला नसतात. गाडीत जंपर केबल आहे का तेही बघा. ती असली तरी १२ व्होल्टला १२ व्होल्टचीच गाडी जोडायची. काही मिनीबस २४ व्होल्टच्या असतात, त्यांची मदत घेऊ नका. केबल लावून गाडी सुरू झालीच, तर वाटेतल्या पहिल्या चहाला इंजिन बंद करू नका. ड्रायव्हरला गाडीतच बसू दे आणि त्याचा कुल्हड त्याच्या हातात नेऊन द्या.